सात नंबरची रुंदी

आमचे आबा त्याला सडक म्हणायचे. बाबा रोड म्हणतात. आम्ही शाळेत गेल्यावर हायवे म्हणायला शिकलो आणि माझी पुतणी आता फोरलेन म्हणते. चार पिढ्यांचे चार शब्द, आणि दर शब्दागणिक तो रुंद होत गेलेला.

हिंगणघाटहून वडनेरकडे निघालं की डाव्या हाताला आमचं गाव लागतं. घर रस्त्याच्या या अंगाला आणि वावर त्या अंगाला. एवढ्या एका गोष्टीने आमच्या घराचं निम्मं वेळापत्रक ठरवलं आहे. सकाळी बैल कधी सोडायचे, पोरांना डबा घेऊन एकटं पाठवायचं की नाही, नवी सून वावरात कधी जाऊ लागेल, सगळं रस्त्याला विचारून.

तिसरीत असताना गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशात आमचा रस्ता दाखवला. वर वाराणसी, खाली कन्याकुमारी, मधे नागपूर, आणि नागपूरच्या खाली त्यांनी खडूने एक टिंब दिलं, ते आम्ही. मी धावत घरी आलो आणि आजीला सांगितलं की आपला रोड कन्याकुमारीला जातो. ती तूर पाखडत होती. म्हणाली, "जाऊ दे बापा कुठीबी. तू पाहून जाजो."

रस्त्याला लांबी असते हे मला शाळेत कळलं. रुंदी घरीच कळली होती.

लांबीचं आधी सांगून टाकतो, कारण बाहेरच्या माणसाला तीच हवी असते. तेव्हा तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सात होता: वाराणसी, रेवा, जबलपूर, सिवनी, नागपूर, हैदराबाद, बंगळूर, मदुराई, कन्याकुमारी. २३६९ किलोमीटर, देशातला सगळ्यांत लांब. २०१० साली सगळ्या महामार्गांचे आकडे बदलले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे आले, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. जुन्या सात महामार्गांचे पूर्ण-अपूर्ण तुकडे जोडून श्रीनगर ते कन्याकुमारी असा एकच रस्ता झाला आणि त्याचा आकडा ठरला ४४. लांबी चार हजार किलोमीटरांच्या घरात. त्यातले आपल्या महाराष्ट्रात जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे, तेही सगळे विदर्भातले. खवाशाला शिरायचं, पैनगंगेला निघायचं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा देशातला सर्वांत लांब रस्ता आपल्याच राज्यातून जातो हे अनेकदा ठाऊकच नसतं, आणि सांगितलं तरी त्याला समृद्धीबद्दलच बोलायचं असतं. आमचा सात नंबर आता पंजाबातल्या फाजिल्कापासून बद्रीनाथच्या पुढच्या माणापर्यंत जाणाऱ्या रस्त्याला दिला आहे. गावात मात्र अजूनही कोणी चव्वेचाळीस म्हणत नाही. सात नंबरच.

बाबा आदिलाबादच्या खाली आणि सिवनीच्या वर कधी गेले नाहीत, पण त्यांचा भूगोल पक्का आहे. तो नंबर प्लेटांवरून झालेला आहे. संध्याकाळी ओसरीत खाटेवर बसून ते गाड्या वाचायचे. टीएन २८ म्हणजे नामक्कल, अंडी आणि ट्रकांच्या बॉड्यांचं गाव. टीएन ३४ म्हणजे तिरुचेंगोडे, बोअरच्या गाड्यांचं. एका कोरड्या उन्हाळ्यात अशीच एक बोअरची गाडी आमच्या अंगणात उभी राहिली. दीड दिवस दगड फोडला, दोनशे वीस फुटांवर पाणी लागलं, आणि लागलं तेव्हा त्या सात-आठ तमिळ पोरांनी आमच्याहून मोठ्याने आरडाओरडा केला. रात्री गाडीच्याच आडोशाला त्यांनी भात शिजवला. आजीने वांग्याची भाजी पाठवली, ती त्यांना फार तिखट झाली नाही याचं तिला जरा वाईटच वाटलं. त्या बोअरचं पाणी आम्ही अजून पितो. तिरुचेंगोडे याच रस्त्यापासून फारसं लांब नाही, हे मला खूप नंतर कळलं. म्हणजे रस्त्याच्या त्या टोकाकडून माणसं यायची, आमच्या जमिनीला भोक पाडायची आणि पुढे निघून जायची.

सप्टेंबर-ऑक्टोबरात काश्मीरचे ट्रक सुरू व्हायचे. सफरचंदं हैदराबाद-बंगळूरला जाणारी. तिकडे रामबनजवळ डोंगर खाली आला की ट्रकांची रांग लागते, आणि पेटीतला माल पेटीतच मऊ पडू लागतो. बनिहालचा जवाहर बोगदा १९५६ सालचा. आता चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा २०१७ पासून आणि बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा २०२१ पासून सुरू आहे, तरी पावसाळ्यात रामबनचा डोंगर कोणाचं ऐकत नाही. माझ्या लहानपणी असाच एक ट्रक आमच्या गावाजवळ उलटला. खोके फुटून सफरचंदं सोयाबीनमध्ये पांगली. पोरं धावली, मीही धावलो. ड्रायव्हर कडुनिंबाखाली डोकं धरून बसला होता, त्याला फारसं लागलं नव्हतं. मी दोन सफरचंदं खिशात कोंबून घरी आणली. आजीने एक काढून घेतलं, पाण्याचा तांब्या भरला आणि दोन्ही नेऊन त्या ड्रायव्हरच्या पुढे ठेवलं. त्याने तांब्याही घेतला आणि सफरचंदही. दुसरं मी खाल्लं, पण चव काही आठवत नाही.

या रस्त्याची लांबी ज्याने पायी मोजली असं म्हणता येईल, असा एक माणूस आमच्या हिंगणघाटातच पुरलेला आहे. विल्यम लॅम्बटन. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने पहिली आधाररेषा मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो देश मोजत सुटला. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे, साधारण अठ्ठ्याहत्तराव्या रेखावृत्ताला धरून. नकाशा उघडून पाहा: मदुराई, बंगळूर, हैदराबाद, नागपूर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा. सगळी गावं त्या रेघेच्या थोडी अलीकडे नाहीतर पलीकडे. त्याला रस्ता बांधायचा नव्हता, पृथ्वीची गोलाई मोजायची होती. पण देश उभा कापायचा तर सुरी फिरवायला जागा तीच. त्याच्याजवळ थिओडोलाइट नावाचं कोन मोजायचं अर्ध्या टनाचं यंत्र होतं. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून ते आपटलं, तर या बाबाने स्वतः महिना-दीड महिना खपून ते सुधारलं. पुढे हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवताना, जानेवारी १८२३ मध्ये, हिंगणघाटला तो वारला. वय सत्तरच्या आसपास. उरलेलं काम एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं आणि डोंगराला नाव एव्हरेस्टचं लागलं. लॅम्बटनच्या वाट्याला आमचं हिंगणघाट आलं.

नागपूरचा झिरो माइलचा खांब याच मोजणीच्या परंपरेतला, १९०७ चा. त्याच्यावर हैदराबाद ३१८ मैल, सिवनी ७९ मैल असे आकडे कोरलेत. तो भारताचा मध्यबिंदू आहे की नाही यावर नागपूरकराशी वाद घालू नये. जेवण बिघडतं.

आता रुंदी.

जुना रस्ता दोन पदरी होता. दोन ट्रक समोरासमोर आले की एकाला साइडपट्टीवर उतरावं लागे आणि मुरुमाचा धुरळा थेट आमच्या वाळवणावर. दोन्ही बाजूंना कडुनिंब आणि चिंचा. त्यांच्या फांद्या वर जुळलेल्या, म्हणून मे महिन्यातही डांबर पायाला फार चटका देत नसे. मी पावलं मोजली होती. या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत अठरा. दिवाळीनंतर रात्री कापसाच्या बंड्या हिंगणघाटच्या बाजाराकडे निघायच्या. प्रत्येक बंडीच्या आसाखाली एक कंदील लोंबायचा. झोपेतून उठून लघवीला बाहेर आलो की तो हलत्या कंदिलांचा माग दिसायचा, बैलांच्या घाट्या ऐकू यायच्या, आणि मधूनच एखादा ट्रक भोंगा न वाजवता हळू मागून येत असायचा, कारण पुढचा गाडीवान झोपलेला आहे आणि बैल जागे आहेत हे त्यालाही ठाऊक असायचं. त्या वेळी रस्ता लांब जाणाऱ्यांचा होता आणि आमचाही होता. भांडण व्हायचं, पण तुल्यबळ.

मग चौपदरी आलं. दिल्लीत १९९८ सालीच महामार्ग विकासाचा कार्यक्रम ठरला होता. उत्तर-दक्षिण मार्ग श्रीनगर ते कन्याकुमारी, पूर्व-पश्चिम सिल्चर ते पोरबंदर, दोन्ही झाशीला एकमेकांना छेदणार. आमच्याकडे त्याची पहिली खूण म्हणजे झाडांवर लाल रंगाने पडलेले आकडे. आमच्या चिंचेचा आकडा होता २१४. आई त्या आकड्यावर हळदीकुंकू लावून आली. का लावलं, विचारलं तर म्हणाली, "काऊन म्हन्जे? जाऊन रायली ना ते."

चिंच गेली. ओसरी गेली. वावरातला पाऊण एकर गेला. मोबदला मिळाला, आणि तो वाईट नव्हता हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. गावात त्या वर्षी एकवीस मोटारसायकली आल्या, दोन बोरवेल झाल्या, चार लग्नं उरकली आणि एकाने सगळे पैसे दुप्पट करून देणाऱ्याला दिले. आमच्या बाबांनी सोसायटीचं कर्ज फेडलं. सात-बारा कोरा झाला, त्या दिवशी त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि दिवसभर लोकांना दाखवत फिरले.

पुलाच्या कामावरची मंडळी निघून गेली आणि मग आम्हाला कळलं की रस्ता झाला आहे, पण ओलांडायचा कसा ते कोणी ठरवलेलंच नाही. आता या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत बहात्तर पावलं. मधे डिव्हायडर. कट फाट्यावर, दीड किलोमीटर पुढे. म्हणजे समोर दिसणाऱ्या वावरात बंडी न्यायची तर दीड जायचं आणि दीड यायचं. परत येताना तसंच. बैलाला तीन किलोमीटर चालवून समोरच्या धुऱ्यावर नेणं हे बैलालाही पटत नसे. तो फाट्याकडे वळायलाच तयार नसायचा, वावर दिसत असताना. शेवटी गावातल्या पोरांनी एका रात्री सब्बलीने डिव्हायडर फोडला. आठवड्याने तो बुजवला गेला. पुन्हा फोडला. पुन्हा बुजवला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी लोखंडी कठडा आला.

राहिली ती मोरी. ओढ्याचं पाणी जाण्यासाठी रस्त्याखालून काढलेली सिमेंटची चौकोनी पेटी. उंची जेमतेम माणसाएवढी, म्हणजे डोक्यावर ओझं असलं की माणसाएवढीही नाही. कापसाचं गाठोडं घेतलेल्या बाया तिच्या तोंडाशी आल्या की गाठोडं उतरवतात, छातीशी धरतात, आणि तशाच आतून निघतात. आत बारा महिने गारवा, भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या रेघा, कोणीतरी कोळशाने काढलेलं बदामाचं चित्र, आणि वरून चाललेला देश. तो दिसत नाही, पायांतून कळतो. भरलेला कंटेनर गेला की मोरीचं छत गुरगुरतं. रिकामा गेला की खडखडतं. माझ्या पुतणीला ओळखू येतं. पावसाळ्यात मात्र गुडघाभर पाणी असतं, मग सगळे वरून. पाहून.

आमचे काका पाहूनच जायचे. वावराला रात्रीची लाइन होती. शेतीच्या पंपाला वीज रात्री मिळायची, तेव्हा हरभऱ्याला पाणी द्यायला कास्तकार रात्रीच जायचा. पहाटे चारला परत येताना फाट्यावरून वळसा घालायचा कंटाळा केला आणि राँग साइडने तीनशे मीटर आले. एका टँकरचा नुसता आरसा लागला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आता पायात सळई आहे, थंडीत दुखते. कोणी विचारलं की काका म्हणतात, "रोडनं रॉड देल्ला." बाकी रस्त्याबद्दल ते वाईट बोलत नाहीत. याच रस्त्यामुळे पाऊण तासाच्या आत नागपूरच्या वाटेला लागलो, नाहीतर पाय गेलाच असता, हेही तेच सांगतात. आमच्याकडे रस्त्याबद्दल एका वाक्यात तक्रार करणं फार अवघड आहे.

याच रस्त्यावर नागपूरच्या वर, मानसर ओलांडून देवलापार-खवाशाच्या जंगलात गेलं की गोष्ट वेगळी दिसते. तिथे पेंचचे वाघ रस्ता ओलांडतात. चौपदरीकरणाच्या वेळी त्यांच्यासाठी कोर्टात वर्षानुवर्षं भांडण चाललं, आणि शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीतल्या सोळाएक किलोमीटरांत नऊ बांधकामं झाली: वन्यप्राण्यांना जाण्यासाठी पाच मोकळे मार्ग आणि चार छोटे पूल. रस्ता वर उचलून धरलेला, जनावर खालून. यातले मोठे साडेसातशे मीटरचे आहेत. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले, तर २०१९ मध्ये अठरा जातींचे प्राणी खालून जाताना टिपले गेले आणि अकरा वेगवेगळे वाघ ओळखू आले. चितळं आणि रानडुकरं तर रोजचीच.

पहिल्यांदा त्या उंच रस्त्यावरून गेलो तेव्हा बाबा शेजारी बसले होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते खिडकीतून खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "वाघाले साडेसातशे मीटर. अन् आपल्या बैलाले?" मी म्हटलं, वाघासाठी कोणीतरी कोर्टात गेलं होतं. "मंग बराबर हाय," ते म्हणाले. चिडून नाही. हिशोब समजला तसं. मला स्वतःला त्या वाघाचा हेवा वाटत नाही, कोणीतरी एकाने तरी आधी रुंदीचा विचार करून मग लांबी बांधली, याचं मला बरंच वाटतं. फक्त तेच नकाशे घेऊन ती माणसं दीडशे किलोमीटर खाली आली असती तर.

मी गेली अकरा वर्षं बंगळूरला असतो. बोम्मनहळ्ळीत, होसूर रोडच्या आत. आणि होसूर रोड म्हणजे दुसरं काही नाही, आमचा सात नंबरच. घर सोडून हजार किलोमीटर आलो आणि पुन्हा त्याच रस्त्याच्या कडेला खोली घेतली. वरून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारा दहाएक किलोमीटरचा उड्डाणपूल, खालून खालचा रस्ता, आणि पायी माणसाने लोखंडी जिन्याने चढून पलीकडे उतरायचं. पहिल्या आठवड्यात त्या जिन्यावर उभं राहून आईला फोन केला होता. सांगितलं की मी आता रोडाच्या वर उभा आहे. ती म्हणाली, "वरतं काय करतं? खाली गाड्या थांबत नाई का?"

वर्षातून एकदा तरी गाडीने घरी येतो. पहाटे तीनला हेब्बाळ सोडलं की उजाडता उजाडता पेनुकोंड्याचे दगडी डोंगर, मग अनंतपूर, गुत्ती, कर्नूल. पाट्या कानडीतून तेलुगूत कधी गेल्या ते कळत नाही, कारण दोन्ही लिप्या चालत्या गाडीतून मला सारख्याच गोल दिसतात. कर्नूलला तुंगभद्रा, पुढे बिचुपल्लीला कृष्णा, हैदराबाद बाहेरून टाकलं की आर्मूरच्या पुढे सोनच्या पुलावर गोदावरी. कृष्णा महाबळेश्वरची, गोदावरी त्र्यंबकेश्वरची. माहेरच्या मुली सासरी भेटाव्यात तशा या दोघी मला तेलंगणात भेटतात, भरल्या अंगाच्या, ओळख दाखवतील न दाखवतील अशा.

सोनच्या पुलावर मी दर वेळी गाडी हळू करतो. ही वाट आजची नाही. सात नंबर वाराणसीहून निघायचा तो उगीच नाही. काशी-रामेश्वर करणारी माणसं शतकानुशतकं याच बाजूने खाली उतरत आली. काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि रामेश्वराची वाळू काशीला न्यायची. लांबीचं याहून पक्कं व्रत नाही. आणि आपल्याकडे या यात्रेची जी एक गोष्ट लहानपणापासून सांगतात ती पोचलेल्याची नाहीच. ती पैठणच्या नाथांची आहे. कावड खांद्यावर, रामेश्वराकडे निघालेले, वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडत पडलेलं. नाथांनी गंगा त्याच्या तोंडात ओतली. बरोबरच्या लोकांचा जीव वरखाली झाला असणार. इतकी शेकडो मैल आणलेली गंगा. नाथ म्हणाले, माझा रामेश्वर इथेच पावला. गोदावरी पैठणहूनच पुढे इथे येते, म्हणून मला ती गोष्ट सोनला आठवते, दुसरं कारण नाही. पण पुलावरून उतरलो की पुढचा निर्मळचा घाट संपेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला बसलेली माणसं जरा नीट पाहतो.

पैनगंगा ओलांडली की पाटणबोरीच्या बाजूला पहिली मराठी पाटी दिसते. ती कसली असेल ते सांगता येत नाही. गेल्या वर्षी 'येथे जुने टायर मिळतील' अशी होती. घसा दाटून आला. टायरांच्या पाटीने घसा दाटणारा माणूस म्हणजे परगावी राहणारा माणूस, एवढंच.

२०२० साली होळीला घरी आलो आणि तिथेच अडकलो. पंचवीस मार्चला सगळं बंद झालं. पहिले दोन दिवस रस्ता रिकामा. एवढा रिकामा की रात्री कुत्री मधोमध झोपायची. आई वावरात जाताना थांबलीच नाही, बोलत बोलत ओलांडून गेली, आणि पलीकडे पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण पाहिलंच नाही. ती परत वळून रस्त्याकडे पाहत उभी राहिली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. हैदराबादकडून, चालत. डोक्यावर बादली, बादलीत भांडी, खांद्यावर पोर. आमच्या समोरचा रस्ता लांबीने चालणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. दिंडी सोडली तर आमच्याकडे कोणी रस्ता लांबीने चालत नाही. त्यांना सिवनी, बालाघाट, जबलपूर, रेवा गाठायचं होतं. काहींना त्याच्याही पुढे, यूपीत. एकाने बाबांना विचारलं, "चाचा, जबलपूर कितना पड़ेगा?" आयुष्यभर नंबर प्लेटा वाचलेल्या बाबांना उत्तर तोंडपाठ होतं. साडेतीनशे. पण ते बोललेच नाहीत. म्हणाले, "पहले खाना खा लो."

गावाने पिठलं-भात केला. मे महिन्यापर्यंत आळीपाळीने. आईचं म्हणणं, पोळ्या द्या, वाटेत नेता येतात. भाताने पोट भरतं पण तो चालत नाही. खायला मागायला ते लाजायचे, पण एक गोष्ट सगळे न लाजता मागायचे: चार्जिंग. बाबांनी घरातून वायर ओढून फाटकावर एक बोर्ड ठोकला, त्यातून दुसरा, त्यातून तिसरा. एका दुपारी मी मोजले, एकोणीस फोन लोंबत होते. कापलेल्या चिंचेच्या बुंध्याशी माणसं झोपलेली आणि वर फाटकावर त्यांचे फोन मधूनच वाजत होते. आई, घर, बडे भैया, मुकादम. कोणी उचलत नव्हतं, कारण झोप लागलेली होती आणि आम्हाला उठववत नव्हतं. बाबा प्रत्येक फोनजवळ जाऊन नाव वाचायचे आणि परत खाटेवर येऊन बसायचे. एकदा त्यांनी एक फोन उचलला. 'घर' लिहिलेला. पलीकडची बाई काहीतरी घाईघाईने बोलली. बाबांनी त्यांच्या हिंदीत सांगितलं, "सोया है. अच्छा है. हिंगणघाट में है." मग थोडं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाँ, रोड पे ही है हमारा घर."

तो बोर्ड अजून फाटकावर आहे. पावसाने गंजला.

या दिवाळीत गेलो होतो. कापूस फुटलेला, वेचाईला बाया मिळत नव्हत्या, म्हणून आई स्वतः निघाली. मोरीत पाणी होतं. मी म्हटलं, गाडीने फाट्यावरून नेतो. ती म्हणाली, एवढ्याशा रोडाले गाडी कायले.

वडनेरकडे जाणाऱ्या दोन लेन आम्ही ओलांडल्या. तिने माझं मनगट धरलेलं, तिसरीत होतो तेव्हा धरायची तसं. डिव्हायडरवर चढलो. वडनेरकडून येणारी आणि तिकडे जाणारी गाड्यांची रांग दोन्ही बाजूंनी सुरू होती, मधल्या त्या मीटरभर मातीत आम्ही दोघं, आणि रोपवाटिकेतून आणून लावलेली कण्हेर. चांगली वाढलीये, माणसाच्या खांद्याएवढी. धुळीने मळलेली पानं, पण फुलं गुलाबी. आईने मनगट सोडलं, पदराचा ओचा केला आणि फुलं खुडायला लागली. सोमवार होता, महादेवाला लागतात. टीएन २८ गेला, एक पंजाबचा गेला, एक बस गेली, तिच्या वाऱ्याने तिचा पदर उडाला तो तिने कोपराने दाबला आणि वरच्या फांदीची दोन फुलं मला काढायला सांगितली. मी काढली. ती ओच्यात टाकून तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे.

"चाल," ती म्हणाली, "आता रिकामा हाय."